ढिली बाजू

सकाळी सव्वासातला हळद पॉलिशवाल्या अण्णांचा फोन आला. मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथचं हेडस्टॉक उघडून बसलो होतो, हात ग्रीसनं भरलेले. पोरानं फोन कानाला लावला.

"मिस्त्री, तुमचा तो आयडलर काढून घेऊन जावा. तिसऱ्यांदा चेन पडली. ड्रममधी पाच क्विंटल माल अडकलाय."

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. अण्णा मोठ्यानं बोलणारा माणूस नाही. म्हणून ते वाक्य जास्त लागलं.

मार्चचा दुसरा आठवडा होता. सांगलीत मार्च म्हणजे हळद. शिजवून, वाळवून आलेलं हळकुंड वरून मळकट आणि खरबरीत असतं, मुळ्या आणि सालीचे पापुद्रे चिकटलेले असतात. ते जाळीच्या ड्रममध्ये भरून फिरवायचं. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासून साल निघते आणि शेवटी हळदीचं पाणी शिंपडून रंग चढवतात. पॉलिश अर्धवट राहिलं तर मार्केट यार्डातल्या सौद्यात व्यापारी माल मुठीत घेतो आणि परत ठेवून पुढं जातो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेतकऱ्याचा भाव अजूनही त्या मुठीतल्या चकाकीवर ठरतो. आठ-दहा शेतकऱ्यांच्या पोत्यांची रांग लागलेली असताना ड्रम बंद पडणं काय असतं, ते मला माहीत होतं.

अण्णांचं युनिट हरिपूरच्या बाजूला आहे. हळदीच्या पेवांमुळं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांमुळं, हे गाव लोकांना माहीत आहे. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं होतं. २०१९ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा अण्णांच्या शेडमधली मोटर आणि गिअरबॉक्स पाण्याखाली होते. त्यानंतर त्यांनी दोन्ही उचलून काँक्रीटच्या ओट्यावर घेतले. गिअरबॉक्सचे बोल्ट ओट्यात ओतले. तिथूनच आयडलरची गरज सुरू झाली.

चेन कधी ताणत नाही. कारखान्यात सगळे "चेन ताणली" असं म्हणतात, मीही म्हणतो. खरं तर कडीतली पिन आणि बुश घासतात, प्रत्येक कडीत केसभर जागा होते आणि शे-सव्वाशे कड्यांची मिळून ती जागा बोटभर होते. गिअरबॉक्स मागं सरकवता आला असता तर ती ढिलाई तिथंच काढता आली असती. ओट्यात ओतलेला गिअरबॉक्स सरकत नाही आणि खांबांवर बसवलेला ड्रमही सरकत नाही. अशा ठिकाणी मध्ये एक तिसरं चाक घालून ढिलाई खाऊन टाकायची, तोच आयडलर. तो ताकद पुढं देत नाही, ओढत नाही, नुसता चेनला आपल्या जागी ठेवतो.

आदल्या वर्षी मीच तो बसवला होता. गिअरबॉक्सवर १७ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दाती चाक, ड्रमच्या शाफ्टवर ५१ दातांचं. दोन्हींच्या मध्यातलं अंतर साधारण अकराशे मिलिमीटर. एक इंची पिचची चेन, म्हणजे पिनेपासून पिनेपर्यंत एक इंच. खालच्या बाजूला, लहान स्प्रॉकेटच्या जवळ, बाहेरून वर ढकलणारा १७ दातांचा आयडलर, हातावर बसवलेला आणि त्या हाताला स्प्रिंग. बाहेरून ढकलला की चेन लहान स्प्रॉकेटला जास्त मिठी मारते, म्हणून जागा ती निवडली. एक अख्खा हंगाम त्यानं आवाजसुद्धा केला नव्हता.

मी पोचलो तेव्हा शेडमध्ये शांतता होती. हळदीच्या कारखान्यात शांतता वाईट वाटते. एरवी हळकुंडांचा तो पाऊस पडल्यासारखा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येतो. एका अंगाला सात-आठ बायका तोंडावर पदर आणि फडकी बांधून माल निवडत होत्या: गड्डे एकीकडं, हळकुंड एकीकडं, कणी वेगळी. हेल्पर पोरगा चेनवर झाकलेल्या गार्डपाशी उभा होता. गार्डचा पत्रा आतून बाहेर फुगला होता, चेन सुटून आतून बसल्यावर फुगावा तसा.

"मी इथंच हुबा हुतो मामा," तो म्हणाला, आणि दोन हातांवरची जागा दाखवली.

मी काही बोललो नाही. आधी मेन स्विच पाडला, फ्यूज काढले आणि खिशात घातले. ही सवय मला माझ्या उस्तादांनी लावली. दुरुस्ती चालू असताना फ्यूज मिस्त्रीच्या खिशात पाहिजेत, बोर्डावर नाही. आयडलर आणि चेन जिथं एकत्र येतात तिथं बोट गेलं तर ते परत येत नाही.

चेन जमिनीवर पडली होती. आधीच्या मिस्त्रीनं दोनच आठवड्यांपूर्वी नवी घातली होती. मधल्या काळात अण्णांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं होतं, ते मला तिथं कळलं. वाईट वाटलं, पण त्यांचंही बरोबर होतं, हंगाम थांबत नाही. त्या माणसानं माझी स्प्रिंग काढून दुप्पट जाड घातली होती. तरी चेन उडाली, तेव्हा त्यानं आयडलरचा हात सरळ वेल्ड करून टाकला होता. मग चेन इतकी ताठ झाली की गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगला हात लावता येईना. तेव्हा अण्णांनी वेल्ड तोडायला लावलं आणि जाड स्प्रिंग पुन्हा घातली. आता तो हात खाली वाकलेला होता, बाहेरच्या बाजूला.

मी चेन हातात फिरवली. एकही पट्टी तुटलेली नव्हती, एकही पिन वाकलेली नव्हती. जोडकडी, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, तेवढी उघडली होती आणि तिचं लॉक, ती मासळीच्या आकाराची चिमटी, नव्हती. पोरानं ती ड्रमखालच्या भुकटीतून शोधून दिली. या मापाच्या चेनला तोडायला सहा टनांच्या आसपास ओढ लागते. पाच हॉर्सपॉवरची मोटर तेवढी ओढ आणू शकत नाही. म्हणजे चेन कमजोर नव्हती. एवढं मला कळलं, पण त्याच्या पुढं मी गेलो नाही. हादऱ्यानं लॉक निघालं असेल, असं धरलं.

मग नेहमीची तपासणी केली. चेन ओढून ताठ धरून बारा कड्या मोजल्या. नवी असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात. तीन टक्के वाढ झाली, म्हणजे ३१४ च्या घरात गेली, की चेन काढून टाकायची. ही ३०५ भरली. चेन चांगलीच होती. दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर दोरी धरली, ती चारही ठिकाणी टेकली. लाईन बरोबर. चाक शाफ्टला पक्कं धरणारी खीळ, ती 'की', घट्ट. गिअरबॉक्सचं तेल ठीक.

हात गॅस लावून सरळ केला, माझ्या वेळच्यासारखी पातळ स्प्रिंग बॅगेत होती ती घातली, चेन चढवली, जोडकडीचं लॉक माझ्या सवयीप्रमाणं बसवलं, गार्ड ठोकून परत लावला. फ्यूज घातले. माल काढून घेतला होता, रिकामा ड्रम फिरवला. गुळगुळीत. अण्णांच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसलं. मग पाच क्विंटल भरले.

दहा मिनिटं झाली असतील. गार्डच्या फटीतून बघत होतो. चेनची वरची बाजू लोंबून थरथरत होती. हळकुंडांचा ढीग ड्रममध्ये चढतो आणि ढासळतो, चढतो आणि ढासळतो, तसा ओढीला झटका बसतो. प्रत्येक झटक्याला वरची बाजू लाटेसारखी उसळायची. मग टक्क असा आवाज झाला. लहान स्प्रॉकेटवर चेननं दात सोडला. परत टक्क. मी स्विच पाडला.

मला खरंच काही सुचेना. आयडलर ढिलाई का घेत नव्हता? हात तर खाली ढकलला गेला होता, स्प्रिंग पूर्ण ताणलेली, म्हणजे आयडलरवर भार होता. आणि तरी वर चेन लोंबत होती. मी चेन एक जोडी कड्यांनी कमी करायचा विचार करायला लागलो. अण्णा बाहेर जाऊन शेतकऱ्यांशी बोलत होते, बहुतेक माल दुसरीकडं पाठवायचं.

निवडणाऱ्या बायकांत एक आक्का होत्या, साठीच्या पुढच्या. अण्णांच्या वडिलांच्या वेळेपासून तिथं कामाला. त्या उठून पाणी प्यायला माठाकडं आल्या, तोंडावरचं फडकं खाली ओढलं, आणि मला नाही, पोराला म्हणाल्या, "दुपारच्याला आमाला पलीकडं बसू दे बाबा. मोटर भरून आल्यापास्नं समदी भुकटी आमच्याच अंगावर. आदी भिताडाकडं पडायची."

मी वाकलो होतो तिथंच थांबलो.

"आक्का, आधी भिंतीकडं पडायची?"

"व्हय की. भित पिवळी दिसत न्हाई का? आन आता बगा," असं म्हणून त्यांनी जमीन दाखवली. ड्रमच्या त्यांच्या बाजूला भुकटीचा बोटभर थर होता. भिंतीकडच्या बाजूला जुना, चिकट, काळपट पडलेला थर, त्यावर नवं काही नव्हतं.

ज्या अंगानं माल वर चढतो, त्या अंगाला जाळीतून भुकटी जास्त गळते. भुकटीनं बाजू बदलली होती, म्हणजे ड्रमनं दिशा बदलली होती.

"अण्णा, मोटर कधी जळली होती?"

"फेब्रुवारीच्या शेवटाला. वाइंडिंग करून आणली. का?"

थ्री फेज मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. वायरमन मोटर जोडतो, चालू करतो, फिरली की जातो. पंप उलटा फिरला तर पाणी नीट येत नाही, एलिव्हेटर उलटा फिरला तर माल वर जात नाही, लगेच कळतं. पॉलिशचा ड्रम मात्र कुठल्याही बाजूनं फिरला तरी पॉलिश करतो. म्हणून दोन आठवडे कुणालाच कळलं नाही. गिअरबॉक्सला फरक पडत नव्हता, मालाला पडत नव्हता. फरक पडत होता तो चेनला, आणि त्या बायकांच्या नाकातोंडाला.

चेन असो की बेल्ट, दोन बाजू असतात. फिरवणारं चाक जी बाजू आपल्याकडं ओढून घेतं ती ताणाची, आणि जी आपल्यातून बाहेर सोडतं ती ढिली. आयडलरची जागा ढिल्या बाजूवर. तिथं तो थोड्या जोरात ढिलाई उचलतो. माझ्या वेळी वरची बाजू ताणाची होती आणि खालची ढिली. आडव्या चेनला तसंच असावं, ढिलाई खाली लोंबली तर कुणाला त्रास देत नाही. आता ते उलटं झालं होतं. खालच्या बाजूत पूर्ण भार आलेला, ती सरळ ताठ व्हायला बघत होती आणि आयडलरला खाली दाबून स्प्रिंगसकट बाजूला सारत होती. आणि सगळी ढिलाई वर जमा. वरची ढिली चेन लहान स्प्रॉकेटच्या दातांतून नीट सुटत नाही, दाताला धरून पुढं ओढली जाते, झटका बसला की दात सोडते. त्या मिस्त्रीनं स्प्रिंग जाड केली, वेल्ड मारलं. तो आयडलरला अख्ख्या मोटरशी कुस्ती खेळायला लावत होता. आणि मी काय वेगळं केलं होतं? वरची बाजू लोंबताना मी दोन्ही डोळ्यांनी बघत होतो. पण ड्रम मीच बसवलेल्या दिशेनं फिरतोय हे मी इतकं धरून चाललो होतो की तेच मला चेन लांब झाल्याची खूण वाटली.

खात्री करायला लहान स्प्रॉकेटचे दात फडक्यानं पुसले. दाताची एक कड जुन्या घासणीची, गुळगुळीत काळसर. समोरची कड ताजी चकचकीत. एकाच बाजूनं फिरणाऱ्या स्प्रॉकेटचे दात दोन्ही कडांनी असे घासत नाहीत. ते दात मी सकाळीच बघायला हवे होते.

आणि लॉक. जोडकडीच्या चिमटीला एक बंद तोंड असतं आणि एक उघडं. चेन ज्या दिशेला पळते तिकडं बंद तोंड पाहिजे, उघडं मागं. उघडं तोंड पुढं राहिलं तर कशालाही घासलं की चिमटी उकलून निघते. वाकलेला हात तर चेनला लागतच होता. मी सकाळी चिमटी सवयीनं जुन्या दिशेप्रमाणं घातली होती, म्हणजे उलटी. अजून तासभर ड्रम चालला असता तर ती चेन पुन्हा त्या पत्र्यावर बसली असती. पोरगा तिथंच उभा होता.

स्टार्टरमधल्या दोन वायरी बदलायला पाच मिनिटं लागली. भरलेला ड्रम चालू केला. वरची बाजू ताठ झाली, खालची हलकेच पोटात घेतल्यासारखी आयडलरवर बसली. आयडलर ढासळीच्या प्रत्येक झटक्याला बोटभर खाली-वर होत होता. त्यानं तेच करायचं असतं. आवाज नुसता हळकुंडांचा. आक्कांनी फडकं परत बांधलंच नाही.

काम तिथं संपलं नव्हतं. मोटरपासून गिअरबॉक्सपर्यंत बी सेक्शनचे, म्हणजे बी मापाचे, दोन व्ही-बेल्ट आहेत. त्यांच्या पाठीवर मधल्या मिस्त्रीनं एक नुसतं बेअरिंग, ६२०४ नंबरचं, पट्टीला बोल्ट करून दाबून ठेवलं होतं. असे आयडलर मी सांगली-मिरजेच्या कितीतरी गिरण्यांत आणि शेडांत बघतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर. बी सेक्शनच्या बेल्टला १२५ च्या खालची पुली देऊ नये असं असताना त्याला ४७ वर, तेही उलट्या बाजूला वाकवायचं. बेल्टची रुंदी १७, बेअरिंगची १४. दोन बेल्ट असताना एकावरच दाब. पाठीवर बसवायचाच असेल तर सपाट, लहान पुलीपेक्षा मोठा, ढिल्या बाजूवर आणि लहान पुलीच्या जवळ पाहिजे. आतून बसवायचा तर खाचेचा आणि मोठ्या पुलीजवळ, म्हणजे लहान पुलीची मिठी कमी होत नाही. मी बेल्ट उलटा करून अण्णांना दाखवला. आतल्या अंगाला बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आडव्या चिरा पडत चालल्या होत्या.

"पण बेल्ट सुटत होता म्हणून लावलं त्यानं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मोटरच्या खाली बघा. पायाला लांबट भोकं आहेत. मोटर मागं सरकते. तिथं आयडलर लागतच नाही."

हे मी प्रत्येकाला सांगतो. सरकवता येत असेल तर आधी सरकवा. आयडलर म्हणजे एक जास्तीचं बेअरिंग, बेल्टला एक जास्तीचं वाकणं, बोट जायला एक जास्तीची जागा. अंतर पक्कं असेल तिथंच तो. बेअरिंग काढून टाकलं, दोन्ही बेल्ट नवे, एकाच जोडीचे घातले. एक जुना एक नवा घातला की सगळा भार नव्यावर येतो. मोटर सरकवून ताण धरला. मोकळ्या अंतराच्या चौसष्टाव्या भागाइतका बेल्ट दाबला जावा, एक मीटरला सोळा मिलिमीटर, हा माझा ठोकताळा.

चार वाजता अण्णांनी चहा मागवला. पहिला कप त्यांनी आक्कांना दिला. मला म्हणाले, "सकाळी मी जरा तोडून बोललो." मी म्हटलं, बाण मीच काढायला पाहिजे होता. गेल्या वर्षी आयडलर बसवला त्याच दिवशी गार्डवर फिरायच्या दिशेचा बाण काढला असता तर वायरमनला दिसला असता. हे मी मनापासून म्हणालो.

पोरानं लाल ऑइल पेंट आणला. गार्डवर एक, ड्रमच्या तोंडावर एक, मोटरच्या पंख्याच्या कव्हरवर एक, असे तीन बाण काढले. आक्का उठून बघायला आल्या. बाण म्हणजे काय, ते मी सांगितलं. त्यांनी ड्रमकडं बघितलं, बाणाकडं बघितलं, आणि पोराला म्हणाल्या, "आता मोटर भरून आली की आदी मला हाक मार."

मेच्या शेवटी हंगाम उरकताना गेलो होतो. बारा कड्या ३०६ भरल्या. आयडलरच्या स्प्रिंगला अजून भरपूर चाल शिल्लक आहे. लहान स्प्रॉकेटचे दात दोन्ही कडांनी घासलेत, ते बदलायचं म्हणून अण्णांना सांगितलं. दिवाळीनंतर बघू म्हणाले. वहीत लिहून ठेवलंय.